रोझिल्दाचा रविवार

माणसं ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असा माझा समज होता. छत्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर आमच्या इमारतीची सेक्रेटरी झाले. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराच्या आग्वा व्हेर्जी भागातली नऊ मजल्यांची इमारत, छत्तीस बिऱ्हाडं, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला माझ्यापेक्षा जास्त अक्कल. तरी सलग चार वेळा त्यांनी मलाच निवडून दिलं, कारण फुकटची कटकट घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

त्या वर्षीची सगळ्यात मोठी कटकट होती गेटवरची. आमच्याकडे वॉचमनची पाळी म्हणजे बारा तास काम आणि छत्तीस तास सुट्टी. दिवसपाळीला दोघं, आलटून पालटून एक दिवसाआड. त्यामुळे एका आठवड्यात एकाचा शनिवार जातो आणि दुसऱ्याचा रविवार, पुढच्या आठवड्यात उलटं. कुणाला काही वाटू नये अशीच ही व्यवस्था आहे. पण आमचे सेउ जोएल, म्हणजे जोएलराव, ख्रिस्ती धर्मातल्या ॲडव्हेंटिस्ट पंथाचे. त्यांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य बुडाला की सुरू होतो आणि शनिवारी सूर्य बुडाला की संपतो. त्या वेळात ते काम करत नाहीत म्हणजे नाहीत. केबिनमध्ये त्यांच्या चर्चचं कॅलेंडर टांगलेलं असे, त्यात प्रत्येक शुक्रवारची सूर्यास्ताची वेळ मिनिटासकट छापलेली.

माणूस अकरा वर्षं आमच्याकडे होता आणि सोन्यासारखा होता. गळणारा नळ न सांगता बसवणारा, कोणाचं पार्सल कोणत्या दिवशी आलं ते तोंडपाठ असणारा. पण त्यांचा जोडीदार टिकेना. रविवारी सगळ्या जगाचं घरचं जेवण असतं, फुटबॉल असतो. शनिवारी बाजार, लग्नं, वाढदिवस. दरवेळी शनिवार गळ्यात घेणारा माणूस आणायचा कुठून? एका वर्षात तिघं सोडून गेले. तिसरा तर जाताना मला म्हणाला, "दोना लेओनोर, याचा देव सरकारी सुट्टीच्या दिवशी विश्रांती घेत असता तर बरं झालं असतं."

अशा वेळी रोझिल्दा कोवाल्स्की माझ्या दारात उभी राहिली. वय एकोणचाळीस, खांदे पोहणाऱ्या बाईसारखे रुंद, केस कानापर्यंत कापलेले. जाहिरात मी अजून दिलीच नव्हती.

"तुला सांगितलं कोणी?" मी विचारलं.

"कोणी नाही. मी नोकरी शोधतच नव्हते, दोना लेओनोर. मी शनिवारवाला माणूस शोधत होते. आठ इमारतींच्या गेटवर जाऊन विचारलं, तुमच्यात कोणी ॲडव्हेंटिस्ट आहे का. नवव्या ठिकाणी तुमचे सेउ जोएल सापडले."

"आणि तो कशाला हवा?"

"मला सगळे रविवार मोकळे पाहिजेत. त्यांना सगळे शनिवार. एक आठवडा सोडून एक आठवडा अदलाबदल केली की दोघांचंही भागतं. शुक्रवारी त्यांची पाळी असली तर सूर्य बुडायच्या आधी मी येऊन बसेन आणि सातपर्यंतचं सांभाळेन."

मी मनातल्या मनात हिशेब मांडून पाहिला. चोख होता. गणिताच्या बाईला असा हिशेब कोणी घरपोच आणून दिला की तिचं मन विरघळतं, हे रोझिल्दाला कुठून कळलं कोण जाणे. तरी विचारलंच, "रविवारी काय करतेस?"

"पोकर खेळते. ऑनलाइन. मोठ्या स्पर्धा रविवारीच असतात."

इतक्या सरळ आवाजात तर लोक मला आपण शाकाहारी आहोत हेसुद्धा सांगत नाहीत. मी तिला आत बसवलं आणि 'माते' नावाचा इथला कडू चहा पुढे केला. मग तिनं सगळं सांगितलं. दोन वर्षं ती नुसत्या पोकरवर जगली होती. जगता आलं, पण खेळ बिघडला. "भाड्याचे पैसे पत्त्यांच्या मागे उभे राहिले की हात आखडतो," ती म्हणाली. "टाकायचे ते पत्ते धरून ठेवतो, धरायचे ते टाकतो. घर नोकरीवर चाललं पाहिजे, मग खेळ नीट होतो." म्हणून तिनं नोकऱ्या धरून पाहिल्या. सुपरमार्केटात रविवारीच गर्दी. बेकरीत पहाटे चारला हजर व्हायचं. मग ॲपवरची टॅक्सी चालवली, स्वतःच्या मर्जीची, वाटेल तेव्हा निघा, वाटेल तेव्हा थांबा. ती सगळ्यात वाईट.

"का? तीच तर सगळ्यात सोयीची."

"जास्तच सोयीची. हरले की गाडी बंद करून पुन्हा खेळायला बसायचे. मला एकाच जागी वाकणारी नोकरी हवी. बाकी ताठच असलेली बरी."

तिला तिथल्या तिथे नोकरी दिली. आणि लगेच सेक्रेटरीची अक्कल चालवली. म्हटलं, "हे बघ, सेउ जोएलना पोकरचं काही बोलू नकोस. ते बिअरच्या जाहिरातीकडेसुद्धा बघत नाहीत."

"त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली.

"ते विचारणार नाहीत. भिडस्त आहेत."

विचारलं त्यांनी, पण तिला नाही, मला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तिची आई आजारी असते हो. रविवारी तिच्याजवळ कोणी नसतं."

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने खोटं बोलू नये. ते कुठे जाऊन थांबेल याचा त्याला अंदाज नसतो. पुढच्याच रविवारी सेउ जोएल माझ्या दारात एक गरमागरम पिशवी घेऊन उभे. त्यांच्या बायकोनं कोंड्याच्या पिठाचा ब्रेड भाजला होता, जवस घालून, रोझिल्दाच्या आजारी आईसाठी. "तिला हातात दिला तर ओशाळेल बिचारी," ते म्हणाले, "तुम्हीच पोचवा." मी काय करणार? पोचवला असता तर बिंग फुटलं असतं. फेकून देणं पाप. मी तो खाल्ला. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी ब्रेड येत गेला आणि सात महिने मी तो खात गेले. ब्रेड उत्तम असायचा, हे सांगताना मला आजही लाज वाटते.

त्या सात महिन्यांत आमचं गेट कधी नव्हे इतकं सुरळीत चाललं. रोझिल्दा सातच्या ठोक्याला हजर. कोण भाडेकरू भांडणाच्या तयारीत खाली उतरतोय हे तिला लिफ्टचं दार उघडायच्या आधीच कळे. कुरियरवाला खोटी सही करतोय हे ती त्याच्या मानेवरून ओळखी. सोमवारी पाळी असली तर डोळे लाल असायचे, पण उशीर कधी नाही. शुक्रवारी सूर्य बुडायच्या दहा मिनिटं आधी ती केबिनच्या दारात उभी असे आणि सेउ जोएल डबा आवरून उठत. दोघांना एकमेकांबद्दल फार आदर होता. एकमेकांविषयी काही ठाऊक नसल्यामुळे तो टिकला होता, असं तेव्हा माझं मत होतं.

घात केला चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टर वाल्मोरनं. हा दातांचा डॉक्टर, दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात हात, म्हणून संध्याकाळी स्वतःचं तोंड बंद ठेवणं जमत नाही. ऐन हिवाळ्यातला, जून महिन्यातला शुक्रवार, सव्वापाच होऊन गेलेले. रोझिल्दा नुकतीच आलेली, सेउ जोएल जॅकेट चढवत होते, मी पोस्टाची पेटी बघत होते. डॉक्टर गाडी लावून आला आणि मोठ्यानं म्हणाला, "रोझिल्दा, काय खेळलीस गं रविवारी! मी त्याच स्पर्धेत होतो. चार हजार लोकांत तेविसावी. शिवाय महिनाअखेरच्या मोठ्या स्पर्धेत जागाही मिळवलीस म्हणे. इथे गेटवर काय करतेस?"

"पगार घेते," रोझिल्दा म्हणाली.

डॉक्टर हसत लिफ्टकडे गेला. सेउ जोएलचा एक हात जॅकेटच्या बाहीत आणि एक बाहेर. "आणि आई?" त्यांनी विचारलं.

"आई? ती बरी आहे. रविवारी बाजारात सारण भरलेल्या पिएरोगी विकते. का?"

सेउ जोएलनी दुसरा हात बाहीत घातला. "सात महिने माझी बायको तुमच्या आईसाठी ब्रेड भाजतेय," ते म्हणाले.

रोझिल्दानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या एका नजरेत तिनं माझे सगळे पत्ते वाचले. मला वाटलं, आता सांगते. तिनं नुसती चावी घेतली. सेउ जोएलनी डबा उचलला आणि गेले.

ते वळणापलीकडे गेल्यावर ती म्हणाली, "आईचं आजारपण तुमचं ना?"

"माझं."

"ब्रेडही?"

"तोही."

ती इतकी हसली की केबिनची काच धरून उभी राहिली. मग डोळे पुसून शांतपणे म्हणाली, "त्यांना तुम्हीच सांगा. मी तुमचं नाव घेणार नाही. पण लवकर सांगा, दोना लेओनोर. महिनाअखेरचा रविवार माझ्या पाळीचा आहे. त्यांनी अदलाबदल नाही केली तर माझी जागा गेली. ती दुसऱ्याला देता येत नाही, पुढे ढकलता येत नाही. ती जागा मिळवायला मला पाच महिने लागलेत."

मी हो म्हटलं. सोमवारी सेउ जोएल स्वतःच माझ्याकडे आले आणि माझी बोबडी वळली. ते बसले नाहीत. टोपी हातात धरून उभं राहून म्हणाले, "मी तिचा रविवार यापुढे घेणार नाही. जुगारासाठी माझ्या हातानं वेळ काढून देणं मला जमणार नाही. आणि मी तिचा रविवार घेत नाही, तर तिला शनिवार मागण्याचाही मला हक्क नाही. या शनिवारी माझी पाळी आहे आणि मी येणार नाही. तुम्ही मला कामावरून काढू शकता. मला वाईट वाटणार नाही."

"सेउ जोएल, अकरा वर्षं..."

"म्हणूनच आधी सांगतोय."

तेव्हाच बोलायचं होतं. एक वाक्य होतं फक्त. पण छत्तीस बिऱ्हाडांसमोर खमकी म्हणवणारी मी, एका सभ्य माणसासमोर ब्रेडचं नाव काढू शकले नाही. मुलांना 'चुकलं तर खोडून पुन्हा सोडवा' असं मी आयुष्यभर सांगत आले. स्वतःची पाटी मात्र मी पाठीमागे लपवून बसले.

शनिवारी पावणेसातला मी स्वतः गेटवर बसायच्या तयारीनं खाली उतरले. स्वेटर, शाल, थर्मास, सगळं घेऊन. केबिनमध्ये रोझिल्दा बसली होती. आदल्या दिवशी, शुक्रवारी, तिनं तिच्या पाळीचे बारा तास केले होते.

"आज तुझी पाळी नाही," मी म्हटलं.

"सेउ जोएल येणार नाहीत. शनिवार आहे."

"त्यांनी तुला विचारलं?"

"नाही. ते कसे विचारतील?"

"आणि उद्या?"

"उद्या माझी पाळी आहे. येईन."

"तुझी मोठी स्पर्धा?"

"तीन वाजता सुरू होईल. माझी जागा तिथे रिकामी राहील आणि माझ्यापुढची चकत्यांची रास डावागणिक कापली जाऊन संपेल." ती हे बसची वेळ सांगावी तसं सांगत होती. "मला सांगा, इथली खुर्ची रिकामी टाकून मी तिकडे जाऊन बसले, तर सेउ जोएल माझ्याबद्दल जे समजतात ते खरंच ठरेल की नाही?"

मला राग आला. तिचा नाही, माझाच, पण तो काढला तिच्यावर. म्हटलं, "ही तुझी चाल आहे. तो माणूस कोणाचं फुकट घेणार नाही हे तुला माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "दहात सहा वेळा ते उद्या येतील असा माझा अंदाज आहे. उरलेल्या चार वेळा येणार नाहीत, आणि तरी मला आज यायचंच होतं. चाल असती तर मी सहावर डाव लावला नसता, नवाची वाट पाहिली असती."

मी वर जाऊन दार लावून घेतलं. चारच्या सुमारास पिन्याओ, म्हणजे इथल्या पाइनच्या बिया, उकडल्या, ताटलीत घेतल्या आणि खाली तिच्याजवळ जाऊन बसले. आम्ही दोघी त्या सोलत बसलो.

कॅलेंडरवर त्या शनिवारचा सूर्यास्त पाच पस्तीसचा होता. सहाला दहा मिनिटं असताना सेउ जोएल फाटकातून आत आले. अंगावर चर्चचा सूट, बगलेत बायबल. सूर्य बुडाल्यावर ते थेट इकडेच निघाले असणार. केबिनमध्ये कोण आहे हे पाहायला आले होते. रोझिल्दाला पाहून ते दारातच थांबले.

"किती वेळ बसलाय तुम्ही?"

"सातपासून."

"उरलेला तास मी बसतो. तुम्ही जा."

"राहू द्या. सूट खराब होईल."

"मी तुम्हाला हे मागितलं नव्हतं."

"मी कुठे म्हणतेय मागितलं? तुमचा शनिवार मी विकत घेतलेला नाही, सेउ जोएल. उद्या माझी पाळी, मी येते. तुमचं माझं काही देणंघेणं नाही."

मी पिन्याओच्या टरफलांकडे बघत होते. मग मीच उठले.

"तिची आई कधीच आजारी नव्हती," मी म्हटलं. "ते मी सांगितलं होतं. हिनं नाही. हिला त्या शुक्रवारपर्यंत ठाऊकही नव्हतं. हिनं पहिल्या दिवशी मला पोकरचं खरं सांगितलं होतं, आणि तुम्हाला सांगू नकोस असं मी बजावलं होतं. आणि तो ब्रेड... तो सगळा मी खाल्ला."

"सगळा?"

"सगळा. सात महिने."

सेउ जोएलच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला नीट सांगता येणार नाही. शेवटी ते म्हणाले, "जवसाचा तुम्हाला मानवला का? माझ्या बायकोला तीच काळजी होती." मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

मग ते रोझिल्दाकडे वळले. पट्टीनं रेघ आखावी तसं सावकाश बोलू लागले. "जुगार वाईट असं मी मानतो. उद्याही मानेन. ते तुमच्यासाठी बदलणार नाही."

"नका बदलू."

"पण मी शब्बाथला काय करतो हे तुम्ही मला कधी विचारलं नाही. देव आहे की नाही, असला तर शनिवारीच का, काही नाही. मला तो वेळ हवा आहे एवढं तुम्हाला पुरलं. मी मात्र तुमच्या दिवसात डोकावून तो चांगला की वाईट ते ठरवायला बसलो." त्यांनी बायबल दुसऱ्या बगलेत घेतलं. "उद्या सातला मी येईन. जुगारासाठी नाही. तुमचा दिवस तुमचा आहे म्हणून."

"आणि यापुढचे?" रोझिल्दानं विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच थोडा हलला.

"यापुढचेही. आणि दोना लेओनोर, ब्रेड आता थेट रोझिल्दाच्या हातात देत जाईन."

"नको," रोझिल्दा म्हणाली. "अर्धा यांना देत जा. सवय लागलीय."

रविवारी सेउ जोएल पावणेसातला हजर होते. मी दिवसभर खाली-वर करत राहिले. पोकरमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण तीन वाजता मी उगाचच घड्याळाकडे पाहिलं आणि गॅलरीतून खाली पाहिलं, तर सेउ जोएलही मनगटाकडे बघत होते. सोमवारीही त्यांचीच पाळी होती. मंगळवारी रोझिल्दा आली, पण मी पडशानं अंथरुणाला खिळले होते. ती काही फोन करून सांगणारी नव्हे.

म्हणून शुक्रवारी मी सव्वापाचलाच खाली जाऊन बसले. रोझिल्दा आली, जॅकेट खुंटीला अडकवलं. सेउ जोएलनी डबा भरला, चावी दिली, टोपी घातली. सूर्य समोरच्या गच्चीला टेकला होता. एरवी या वेळी ते फाटकाबाहेर असत. ते उभेच राहिले.

"काय झालं मग?" त्यांनी विचारलं.

"सहाव्या तासाला बाहेर पडले. ज्या क्रमांकापासून पैसे मिळतात त्याच्या अलीकडेच," रोझिल्दा म्हणाली. "माझ्याकडे दोन बादशहा होते. सगळं पुढे सारलं. समोरच्याकडे एक्का आणि दश्शी. दहात सात वेळा ते मीच जिंकते. या वेळी टेबलावर आणखी एक एक्का आला."

"म्हणजे तुमचं चुकलं?"

"नाही. अगदी बरोबर खेळले. पाच महिन्यांत इतकं बरोबर खेळले नव्हते. उद्या तेच पत्ते आले तर तेच करेन."

"आणि हरलात."

"आणि हरले. पुढच्या रविवारी लहान स्पर्धेपासून पुन्हा सुरुवात."

तिच्या आवाजात रडगाणं नव्हतं. सेउ जोएलच जास्त पडल्यासारखे दिसत होते. सूर्य गच्चीमागे अर्धा गेला होता. मी म्हटलं, "सेउ जोएल, तुमची वेळ झाली." त्यांनी ऐकलं नाही.

"मी रविवारी इथे बसून तुमच्यासाठी प्रार्थना केली," ते म्हणाले.

रोझिल्दानं मान वर केली. "जिंकण्यासाठी?"

"नाही. ती मला करता येत नाही. तुम्ही नीट खेळावं, एवढीच."

रोझिल्दा उठली, फाटक त्यांच्यासाठी उघडून धरलं आणि म्हणाली, "मग ती ऐकली गेली, सेउ जोएल."